भिंगरीची म्होरकी

भिंगरी गेली ती माझ्याच हाताने, असं माझा भाऊ हर्षद सगळ्यांना सांगतो. वर मोबाइल काढून व्हिडिओही दाखवतो. व्हिडिओत मी आहे. पांढरा शर्ट, केस करकचून बांधलेले, आणि मी भिंगरीच्या तोंडावर म्होरकी चढवतेय. हसतेयसुद्धा, चांगली बत्तीशी दाखवून. तो व्हिडिओ खोटा नाही, हीच तर माझी पंचाईत आहे.

तेव्हा आता जे झालं ते मी सांगते. मला गोड बोलता येत नाही, ते खातं हर्षदकडे आहे. पण मी काही गाळणार नाही, माझा मूर्खपणा तर मुळीच नाही.

भिंगरी म्हणजे आमची बछेरी, कोवळी घोडी. दोन वर्षांची, तांबडी, कपाळावर पांढरा टिळा, तोही जरा डावीकडे सरकलेला, घाईत लावल्यासारखा. मनोरीला आमचा तबेला आहे. तबेला म्हणजे पत्र्याची शेड, दोन म्हातारे घोडे, भिंगरी आणि मी. माझे बाबा, सीताराम, गिरणीत होते. गिरणी बंद पडली तेव्हा बाकीचे मालवणला परत गेले नाहीतर वॉचमन झाले. बाबा मनोरीच्या किनाऱ्यावर घोडे फिरवणाऱ्या एका म्हाताऱ्याकडे कामाला लागले. म्हातारा गेला आणि त्याचे घोडे बाबांकडे आले. आई नि हर्षद भांडुपच्या घरीच राहिले, मी मात्र बाबांच्या मागे इकडे आले ती आलेच. बाबांना जाऊन सात वर्षं झाली. शनिवार-रविवारी बंगल्यांवर पाहुणे येतात, त्यांच्या पोरांना मी घोड्यावर बसायला शिकवते. माझं नाव क्षमा. वय एक्केचाळीस, लग्न केलेलं नाही. का नाही केलं असं कोणी विचारलं तर मी त्याला घोड्याची लीद कशी उचलतात ते सविस्तर सांगते. माणूस पुन्हा विचारत नाही.

भिंगरीची आई चांदणी. अकरा दिवसांचं शिंगरू मागे ठेवून पोटशुळाने गेली. शिंगरू जगत नाही म्हणून डॉक्टरांनी हात टेकले. मी टेकले नाहीत. दर दोन तासांनी बाटली, अंगाला खरारा, थंडीत माझी गोधडी. महिनाभर मी धड आंघोळ केली नाही आणि कोणी जवळ आलं नाही, त्यामुळे काम सोपं झालं. भिंगरी उभी राहिली, पळायला लागली आणि मग माझ्या मागेच लागली. जेटीवर, वाण्याकडे, चक्कीवर पीठ आणायला. एकदा तर माझ्या मागोमाग चर्चच्या पायऱ्या चढली. फादरनी तिला गाजर दिलं आणि मला बोलणी.

मला ती विकायची नव्हती. तिला तयार करायचं होतं. चार वर्षांची झाली की पोरं तिच्यावर बसली असती, आणि दोन म्हाताऱ्यांना पेन्शन मिळाली असती. माझा तबेला पुढे चालणार की माझ्याबरोबर संपणार हे सगळं तिच्यावर होतं. आणि खरं सांगायचं तर तबेला गेला खड्ड्यात, मला ती हवी होती.

जानेवारीत नंदकिशोर नावाचे एक गृहस्थ मनोरीला आले. कर्जतच्या पलीकडे त्यांचा घोड्यांचा फार्म. साठीचा माणूस, बोलणं मऊ, बूट महाग. त्यांनी किनाऱ्यावर भिंगरीला माझ्या मागे पळताना पाहिलं आणि सरळ विचारलं, "देणार का?"

"नाही," मी म्हटलं.

"विचार करून सांगा, ताई."

"केला. नाही."

ते हसले, भिंगरीच्या मानेवरून हात फिरवला आणि गेले. माणूस बरा वाटला. 'नाही' ऐकून घेणारे पुरुष मला कमी भेटलेत. हर्षद त्या दिवशी तिथेच होता. त्याने नंदकिशोरना जेटीपर्यंत सोडलं. मला वाटलं, काय माझा भाऊ, किती संस्कारी!

त्यानंतर आठवड्याने हर्षद म्हणाला, "ताई, बोरीवलीला शो आहे फेब्रुवारीत. घोड्यांचा. भिंगूला उतरवूया ना."

"ती दोन वर्षांची आहे. तिच्यावर कोण बसणार?"

"अगं बसायचं नसतं. नुसतं हातात धरून चालवायचं, पळवायचं, उभं करायचं. परीक्षक पाय बघतो, मान बघतो, चाल बघतो. झकास होईल यार. तुझी मेहनत लोकांना दिसू दे की कधीतरी!"

शेवटच्या वाक्याला मी विरघळले. माझी मेहनत कोणी बघावी असं मला वाटत नाही, असं मी नेहमी सांगते. ते खोटं आहे हे घरात फक्त हर्षदला माहीत होतं. फॉर्मही त्यानेच भरला. कागदपत्रं नेहमी तोच करायचा. भिंगरीची नोंदणी झाली तेव्हाही मी बाटल्या उकळत होते, मालक म्हणून त्याने स्वतःचं नाव टाकलं. मी म्हटलं, तुझं काय नि माझं काय. हे वाक्य मी तेव्हा खरंच बोलले होते.

आता रीत सांगते, नाहीतर पुढचं कळायचं नाही. आमच्या घोडेवाल्यांत जनावर विकलं तरी त्याची म्होरकी देत नाहीत. म्होरकी म्हणजे घोड्याच्या तोंडावरचा पट्ट्यांचा साज, ज्याला दोरी लावून त्याला धरतात. विकणारा आपली म्होरकी उतरवून घरी नेतो, म्हणजे घरचं दैव घरी राहतं. घेणारा स्वतःची आणतो, आणि ती घेणाऱ्यासमोर, चार माणसांदेखत, विकणाऱ्याने आपल्या हाताने जनावराला घालायची. एकदा घातली की सौदा पक्का. मग रडा, पाया पडा, कोर्टात जा. घोडेवाल्यांत तुमचं कोणी ऐकत नाही. बाबांनी हे आम्हा दोघांना एकाच दिवशी, एकाच घोड्यासमोर शिकवलं होतं.

शोसाठी म्होरकी चामड्याची हवी होती. भिंगरी रोज वापरायची ती नायलॉनची, मूळची निळी, आता कुठल्याच रंगाची नाही. बाबांची एक जुनी होती, ती तिला घातली तर गळ्यात लोंबली. मी हर्षदला म्हटलं, तू मुंबईत हिंडतोस, बघ कुठे मिळते का. बुधवारी तो फेरीबोटीतून पिशवी घेऊन उतरला.

"तीन आणल्यात. तू बघ, तू निवड. मी एक शब्द बोलणार नाही."

हर्षद एक शब्द बोलणार नाही म्हणाला तेव्हाच खरं तर मी सावध व्हायला हवं होतं.

पहिली लाल मखमलीची. जरीची कड, कपाळावर आरसा, दोन्ही गालांवर गोंडे.

"हे काय? हिचं लग्न ठरवलंस की काय?"

"उठून दिसेल ना गं!"

"उठून दिसेल ती मखमल. परीक्षकाला घोडी बघायचीय, वरात नाही."

दुसरी पांढऱ्या जाड चामड्याची होती आणि तिला तोंडात घालायचं लोखंड होतं, खाली हनुवटीला साखळी. मी ती हातात घेतली आणि माझं डोकंच फिरलं.

"दोन वर्षांच्या पोरीच्या तोंडात लोखंड? अरे, तिचे दुधाचे दात आता हलायला लागतील. हिरड्या हुळहुळ्या असतात. एकदा दुखलं की जन्मभर लगाम बघून डोकं वर करेल ती."

"सगळे लावतात ताई. कंट्रोल राहतो."

"ज्यांचं जनावर ऐकत नाही ते लावतात. माझं ऐकते."

तिसरी तो पिशवीतून काढतच नव्हता. मी विचारलं तर म्हणाला, "ती राहू दे गं, साधीच आहे. दुकानदाराने उगाच टाकली."

मग काय, मी ती काढलीच. मला 'राहू दे' म्हटलं की मी ती गोष्ट करते, हे भांडुपच्या आमच्या चाळीतलं शेंबडं पोरही सांगेल.

गडद तपकिरी चामडं, बोटाएवढे अरुंद पट्टे, बारीक शिवण, पितळेची लहान बक्कलं. कुठे नक्षी नाही, चकाकी नाही. मी भिंगरीची निळी उतरवली आणि ही चढवली. तिचं डोकं लहान, कोरीव, नाकाडं निमुळतं. जाड पट्टा असता तर अर्धं तोंड झाकलं गेलं असतं. हिची नाकपट्टी गालाच्या हाडाखाली बरोबर दोन बोटं बसली. हनुवटीखाली माझी दोन बोटं सहज सरकली. कानांमागे कुठे दाबत नव्हती. तांबड्या अंगावर तो तपकिरी रंग असा बसला की तिचे डोळे मोठे दिसायला लागले. मी दोन पावलं मागे सरून बघत राहिले.

"ही," मी म्हटलं.

"नक्की? मला तर मखमलीची आवडली होती," हर्षद म्हणाला, आणि तोंड पाडून दाखवलं.

दोन गोष्टी माझ्या लक्षात आल्या होत्या, त्या सांगते. एक, नवं चामडं कडक असतं, महिनाभर तेल पाजावं लागतं. हे लोण्यासारखं मऊ होतं. मी विचारलं तर म्हणाला, दुकानदाराने तेल लावून दिलंय. दुसरी, बक्कलासाठी पट्ट्याला पाच-सहा भोकं असतात, घोडा मोठा की लहान त्याप्रमाणे लावायला. हिला तीनच होती आणि मधलं बरोब्बर भिंगरीचं होतं. मी म्हटलं, बघ, जणू हिच्याच मापाची शिवलीय. हर्षद म्हणाला, "नशीब गं!" दोन धडधडीत पुरावे हातात धरून मी खूश झाले होते.

"आत्ता काढून ठेव," तो म्हणाला. "प्रवासात खराब होईल. रविवारी मैदानावरच घाल."

रविवारी सकाळी टेम्पो आला. उत्तन, भाईंदर असा वळसा घालून आम्ही बोरीवलीला पोहोचलो. भिंगरी वाटेत एकदा खिंकाळली तेवढंच, मी मागे तिच्याजवळच बसले होते. मैदानाच्या तिन्ही बाजूंनी सोसायट्या, गॅलऱ्यांतून लोक चहा पीत बघतायत. आणि गेटजवळ आमची आई उभी. मोरपंखी साडी, हातात पाण्याची बाटली.

माझी आई, वनमाला, घोड्यांच्या वासावरून बाबांशी महिनोन्‌महिने अबोला धरणारी बाई. मनोरीला ती सात वर्षांत दोनदा आलीय, दोन्ही वेळा नाकाला पदर लावून. ती भांडुपहून सकाळी सकाळी भिंगरीला बघायला आली! मी तिला मिठीच मारली. ती माझ्याकडे बघत नव्हती, बाटलीचं झाकण उघडत होती आणि लावत होती. मला वाटलं, ऊन लागलं असेल.

म्होरकी मी मंडपासमोर घातली. हर्षदनेच ती जागा सुचवली, उजेड चांगला आहे म्हणून. "थांब थांब, व्हिडिओ काढतो. हां, आता घाल. इकडे बघ ना ताई, हस की जरा!" पाच-सात माणसं उभी होती. त्यात नंदकिशोर होते. त्यांनी डोक्यावरची टोपी काढून हातात धरली होती. मी त्यांना ओळखलं आणि मान हलवली. मनात म्हटलं, बघा, जिला मी दिली नाही ती किती देखणी आहे ते. मी बक्कल लावलं तेव्हा त्यांनी हात जोडले. मी हसले. तेच ते हसू, व्हिडिओतलं.

आमच्या गटात नऊ जनावरं होती. मखमल, गोंडे, घुंगरं सगळं काही होतं. एका काळ्या बछेऱ्याच्या तोंडात लोखंड होतं आणि तो सारखा डोकं झटकत होता, लाळ गाळत होता. भिंगरी माझ्या खांद्याशी खांदा लावून चालली. दोरी सैल होती. पळवली तेव्हा मी पुढे आणि ती माझ्या लयीत, तसंच आम्ही रोज किनाऱ्यावर पळतो. उभी केली तर चारी पाय टेकून उभी, कान पुढे. परीक्षक एक निवृत्त पशुवैद्य होते. त्यांनी तिच्याभोवती दोन फेऱ्या मारल्या, वाकून पाय पाहिले आणि मला विचारलं, "म्होरकी कोणी निवडली?"

"मी."

"डोळा आहे तुम्हाला. डोकं कसं मोकळं दिसतंय!"

पहिला नंबर. निळी फीत. आयुष्यात मला पहिला नंबर हा एवढाच मिळालेला आहे, आणि मी तो जेमतेम दहा मिनिटं उपभोगला.

मी भिंगरीला झाडाखाली पाणी पाजत होते. नंदकिशोर आले आणि थेट वाकून नमस्कार करायला लागले. माझ्यापेक्षा वीस वर्षांनी मोठा माणूस! मी दचकून मागे सरले.

"ताई, मोठं मन आहे तुमचं. एवढी जीव लावलेली बछेरी..."

"काय झालं?"

"मी हर्षदरावांना तेव्हाच म्हटलं होतं, कागद असू दे, पण म्होरकी तिच्या तोंडावर ताईंच्या हातची पडली पाहिजे. हाताने वाढवलेलं जनावर वाढवणाऱ्याच्या खुशीनेच यायला हवं. माझ्या वडिलांनी एकदा तसंच ओढून आणलं होतं एक. वर्षभरात खंगून गेलं."

मी भिंगरीच्या तोंडाकडे पाहिलं. मग त्यांच्याकडे.

"ही म्होरकी कोणाची आहे?"

"माझीच की. आमच्या कारागिराने शिवलीय. हर्षदरावांनी माप पाठवलं होतं ना गेल्या महिन्यात."

 मला भिंगरीचं नंतर सुचलं. आधी आठवला तो पिशवीत हात घालून 'ती राहू दे गं' म्हणणारा हर्षद. मखमल मला आवडणार नाही हे त्याला माहीत होतं. लोखंड बघून मी चिडणार हे माहीत होतं. नको म्हटलं की मी तीच उचलणार हेही. त्याने माझ्यासमोर निवड ठेवलीच नव्हती. माझ्या भावाइतकं मला ओळखणारं जगात कोणी नाही, आणि त्या ओळखीचा त्याने असा उपयोग केला.

"मी दिलेली नाही," मी म्हटलं. "मला हे माहीत नव्हतं."

नंदकिशोरांचा चेहरा उतरला. त्यांनी मागे पाहिलं. हर्षद येत होता, मोबाइल हातात, चालणं सावकाश. पोरगा लहानपणी काच फोडून आला की असाच चालायचा.

"हर्षद, हे काय बोलतायत?"

"ताई, इथे नको. घरी बोलू."

"इथेच बोल."

"अगं तू घातलीस ना म्होरकी? तुझ्या हाताने घातलीस, सगळ्यांनी बघितलंय."

"मला सांगितलं होतंस कोणाची ते?"

"सांगितलं असतं तर घातली असतीस?" आता त्याचा आवाज चढला. "मला ते फार्मचा मॅनेजर करतायत, ताई. राहायला घर, हाताखाली आठ माणसं. मी काय जन्मभर त्या मॉलच्या पार्किंगमध्ये शिट्ट्या मारू? बाबांनी घोडे तुला दिले, मला काय दिलं? भिंगू तिथे मजेत राहील, मी आहे ना बघायला!"

"तू? तू तिला कधी एक बाटली पाजलीस?"

 मी भिंगरीकडे वळले आणि बक्कलाला हात घातला. काढते ही म्होरकी आणि तोंडावर फेकते याच्या, मग रीत गेली चुलीत. तेवढ्यात माझं मनगट कोणीतरी धरलं. आई होती.

"काडू नको गो," ती म्हणाली. "झिलाचा, हर्षदचा, बरा होताहा. तुझ्या पाया पडतंय."

"तुला माहीत होतं?"

आईने बाटलीकडे बघितलं. "तुका सांगला असता तर तू केला असतंस काय?"

दोघांनी तोच प्रश्न विचारला. घरात बसून ठरवलेला असणार, माझ्या माघारी, चहा पिताना. मोरपंखी साडी नेसून ती भिंगरीला बघायला आलीच नव्हती. मी आकांडतांडव केलं तर मला आवरायला तिला आणलं होतं. मी सकाळी मिठी मारली तेव्हा तिच्या मनात हेच असणार. मला तिचा हात झटकता आला नाही. सत्तरीची बाई. पण त्या क्षणी माझी आई मला नकोशी झाली, आणि ते अजून तसंच आहे.

मी नंदकिशोरना म्हटलं, "तुम्हाला खुशीची हवी होती ना? मी खुश नाही. काढा तुमची म्होरकी."

ते बराच वेळ टोपी हातात फिरवत राहिले. मला वाटलं, हा माणूस करेल. याला 'नाही' ऐकता येतं.

"साहेब, मालक मी आहे," हर्षद म्हणाला. "कागद माझ्या नावावर आहे. तुमच्याकडे दिलाय मी."

नंदकिशोर भिंगरीकडे बघत होते. निळी फीत तिच्या गालावर लटकत होती. पहिला नंबर.

"आता काय करणार, ताई," ते शेवटी म्हणाले. "म्होरकी तर पडली." आणि टोपी डोक्यावर घातली.

चांगली माणसं अशी असतात. फसवत नाहीत, दुसऱ्याने फसवून आणलेलं घेतात, आणि वर वाईट वाटून घेतात.

मी तिथून निघाले. कुठे ते ठरवलं नव्हतं. गेटपर्यंत गेले असेन, मागून भिंगरीचा आवाज आला. तो आवाज मी आधी कधी ऐकला नव्हता. वळून पाहिलं तर नंदकिशोरांचा ट्रक लागला होता, मागची फळी खाली टाकली होती, आणि भिंगरी फळीवर पाय ठेवत नव्हती. दोन माणसं दोरी ओढत होती. ती मागचे पाय रोवून बसल्यासारखी झाली होती, मान ताणलेली, डोळ्यांतलं पांढरं दिसत होतं. म्होरकी तिच्या नाकाडात रुतली होती. हर्षद बाजूला उभा राहून "चल भिंगू, चल" म्हणत होता आणि ती त्याच्याकडे बघतही नव्हती. तिसऱ्या माणसाने काठी उचलली. चौथ्याने सुतळीचा फास काढला, तो वरच्या ओठाला घालून पिळतात. कितीही अडेल घोडा मग मुकाट चढतो.

हर्षदने मला पाहिलं.

"ताई," तो ओरडला, "ये ना जरा! तुझ्याबरोबर चढते ती!"

 त्याला लाज वाटली नाही असं मी म्हणणार नाही, कान लाल झाले होते त्याचे. पण हाक मारली त्याने. आणि मी काय करणार होते? गेट ओलांडून निघून गेले असते तर माझा मान राहिला असता आणि तिच्या ओठाला फास बसला असता.

मी परत गेले. ओढणाऱ्यांच्या हातून दोरी घेतली, त्यांना लांब व्हायला सांगितलं. काठीवाल्याला जे सांगितलं ते लिहिण्यासारखं नाही. भिंगरी धापा टाकत होती. मी नाकपट्टी सैल केली, रुतलं होतं तिथे अंगठ्याने चोळलं. तिने डोकं माझ्या काखेत घातलं. मग मी पाठ वळवली आणि फळीवर चढले. मागे पाहिलं नाही, दोरीही ओढली नाही. मागून लाकडावर तिचे खूर वाजले, एक, दोन, तीन, चार. ती आली. का येणार नाही? दोन वर्षांत मी तिला एकदाही वाईट जागी नेलं नव्हतं.

आत मी तिला बांधलं. गवत पुढे ओढलं. हर्षदने मला जसं माझ्याच आवडीनिवडीला धरून मंडपासमोर नेलं होतं, तसंच मी तिला तिच्याच विश्वासाला धरून इथे आणलं होतं, आणि हे मला दोरीची गाठ मारता मारता कळत होतं. तरी गाठ मी नीट मारली. तिच्या कानामागे खाजवलं आणि म्हटलं, "थांब हं. आलेच मी."

आणि उतरले. खाली हर्षद काहीतरी बोलत होता, आई रडत होती. मी फळीच्या फटीतून आत बघितलं. भिंगरीने गवताला तोंड लावलं नव्हतं. दोरीला जराही ताण न देता, कान दाराकडे करून, ती शहाण्यासारखी थांबली होती.